दोन परस खोल: एका दगडखाणीचं प्रकरण

हे प्रकरण मी प्रशिक्षणासाठी लिहिलं होतं. विकसनशील देशांतल्या खनिज अधिकाऱ्यांचा एक वर्ग पुण्यात चालू होता आणि त्यांना दोन दिवस ‘फील्ड’ दाखवायला माझ्याकडे साताऱ्यात पाठवलं होतं. महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू) टेबलावर. म्हणून निवृत्तीनंतरही अशी बोलावणी येतात. गावाचं नाव देत नाही. माणसं, आकडे ओळखू येणार नाहीत इतके बदललेत, पण त्यांच्यातलं गणित जसंच्या तसं आहे.

गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पाऊस बेताचा. गावाबाहेर बरडावर आबांची पाच एकर पड. कुसळाशिवाय काही उगवत नाही, पण खाली काळा खडक एकसंध. पुणे–बंगळूर महामार्गाच्या सहापदरीकरणानं खडीला मागणी आली तेव्हा शेजारच्या तालुक्यातला एक क्रशरवाला आबांकडे आला. पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला: खेपेमागं ठरलेले पैसे आबांना, परवाना आणि रॉयल्टी क्रशरवाल्यानं बघायची. क्रशर तिथून तीन किलोमीटरवर. खाणीत सुरुंगानं फुटलेला डबर डंपरनं क्रशरवर जायचा आणि तिथून खडी होऊन बाहेर पडायची. वाहतुकीचे पास, म्हणजे रॉयल्टी भरलेल्या मालाच्या पावत्या, निघायच्या त्या क्रशरवर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

दीड वर्षानं तक्रार झाली. सुरुंगानं भिंतीला तडे गेले, डंपरनं गावचा डांबरी रस्ता उखडला, आणि ‘पाच हजाराचे पास दाखवून दहा हजार ब्रास नेले’. पहिल्या दोन गोष्टींवर कुणी काही केलं नाही. तिसरीवर लगेच पंचनामा झाला, कारण तिच्यात वसुली होती.

पंचनामा तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी केला. (तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात अजून तलाठीतात्याच.) टेप धरला: लांबी ६२ मीटर, रुंदी ४५, खोली ९. गुणाकार २५,११० घनमीटर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. भागाकार केला, ८,८७३ ब्रास आले. पास ५,२०० ब्रासचे. फरक ३,६७३ ब्रास अनधिकृत.

पुढचं यंत्रासारखं झालं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम ४८ च्या पहिल्याच पोटकलमात खनिजाचा हक्क राज्य शासनाचा आहे, आणि सातव्यात विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. ‘पर्यंत’ हा शब्द कायद्यात आहे, पण मी नऊ वर्षांत तो कुणाला वाचताना पाहिला नाही. सगळे पाच पटच लावतात. कमी लावला तर उद्या आपल्यावरच शेरा येईल ही भीती. बाजारभाव २,००० धरला, म्हणजे ब्रासला १०,००० दंड, शिवाय त्या वेळचं ६०० रुपयांचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. एकूण तीन कोटी एकोणनव्वद लाखांच्या वर. आदेश क्रशरवाल्याच्या आणि जमीनमालकाच्या नावानं निघाला. क्रशरवाल्याच्या नावावर जिल्ह्यात जमीन नव्हती, यंत्रं कर्जावर. मग बोजा चढला तो आबांच्या सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’च्या रकान्यात. पुढच्या हंगामात सोसायटीनं पीककर्ज नाकारलं. पड जमिनीच्या गटाबरोबर विहिरीच्या गटावरही बोजा होता.

पाहुणे आले ते या टप्प्यावर. अपील प्रांतांकडे दाखल झालेलं होतं. साठ दिवसांची मुदत संपायला चार दिवस उरले असताना, तेही वकिलानं फोन करून बोलावलं म्हणून.

अकरा जण होते: युगांडा, मलावी, सिएरा लिओन, नेपाळ आणि आणखी तीन देशांचे. पुण्यात त्यांचे आठ दिवस धोरणावर गेले होते. १९५७ चा खाण आणि खनिज कायदा, त्यातल्या कलम १५ नं गौण खनिजाचे नियम करायचा राज्यांना दिलेला अधिकार, आपले २०१३ चे नियम. दीपक कुमार प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणलं, तेही. त्यांची प्रश्नावली कायद्यांनी भरलेली होती. मी फाइल समोर ठेवली आणि एवढंच विचारलं, हा आदेश बरोबर आहे का?

फाइल एकशे चाळीस पानांची. अर्ज, सातबारा, संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, चलनं, हद्दीच्या खांबांचा फोटो. दुपारपर्यंत वाचून नेपाळचे भूवैज्ञानिक म्हणाले, “यात काम सुरू होण्याआधीच्या जमिनीची पातळी कुठे आहे?” ती नव्हती. फाइलमध्ये खांब कुठे रोवले ते होतं, पण त्या खांबांमधली जमीन तेव्हा किती उंच होती ते कुठेच नव्हतं. मी स्वतः अशा किती परवान्यांवर टिपणी लिहिली असेल याचा हिशेब त्या दुपारी मनात केला, आणि मोजता मोजता सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवर गेलो. एका खाजगी सर्व्हेअरला ईटीएस यंत्रासह (बिंदूबिंदूची उंची आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बोलावलं होतं, त्याचे पैसे प्रशिक्षणाच्या खर्चात बसवले. तीन तासांत साडेचारशे बिंदू घेतले. तलाठ्यांचे नऊ मीटर हे ईशान्येच्या कोपऱ्यातले, सगळ्यात खोल जागचे. डंपर उतरायचा उतार त्यांनी खड्ड्यातच धरलेला, बाजू सरळ उभ्या मानलेल्या. खरं घनफळ १७,९०० घनमीटर भरलं. तलाठ्यांवर मी हसणार नाही. त्यांच्याकडे टेप होता, नऊ गावं होती, आणि आठ दिवसांत अहवाल मागितलेला होता.

त्यातून वरचा मुरूम आणि माती वजा करायची, कारण ती दगड म्हणून गेली नव्हती, बांधाला ढीग होता. ढीग मोजून २,६०० घनमीटर आले. मी “मुरूम” म्हणालो तसे युगांडाचे अधिकारी थांबले. त्यांच्याकडे कच्च्या रस्त्याला ‘मरम रोड’च म्हणतात. १८९६ पासून तिकडची रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर गेले, त्यांच्या पाटीतून हा शब्द गेला असेल असा माझा तर्क. ते आणखी एक सांगून गेले. त्यांच्या राज्यघटनेच्या २४४ व्या अनुच्छेदात ‘खनिज’ शब्दाच्या व्याख्येतून चिकणमाती, मुरूम, वाळू आणि बांधकामाचा दगड वगळलेले आहेत. म्हणजे आबा युगांडात असते तर मुळात हा दगड सरकारचा ठरलाच नसता. २०२२ च्या नव्या कायद्यानं तिथं बांधकाम-खनिजांनाही परवाना आला. आपल्याकडे दावा आधी आणि मोजणी नंतर, त्यांच्याकडे मोजायचं कुणी हेच अजून ठरतंय.

आम्ही चहा पीत असताना बांधावरून एक म्हातारी बघत होती. शेळ्या घेऊन आलेली. यंत्राकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “काय मोजताय रं?” सांगितलं.

“समदा खड्डा त्याच्या नावावं?” ती म्हणाली. “आन आमी काय केलं मंग? भात्तरच्या दुष्काळात हितं खडी फोडलीया आमी. सुकडी खाऊन. ह्यो माझा अंगठा बघ.”

उजव्या हाताचा अंगठा पेऱ्यात वाकडा होता. हातोडी बसलेली. गावातल्या चाळीस-पन्नास बाया त्या माळावर बसून खडी फोडायच्या, दगड याच जागी काढलेला. मी त्या खाणीच्या फाइलवर दोनदा सही पाहिली होती आणि हे मला माहीत नव्हतं; तिच्या गावात प्रत्येकाला माहीत होतं, आणि पंचनाम्यात पंच म्हणून सही करणाऱ्या दोघांनाही.

“किती खोल होतं, आक्का?”

“दोन परस आसंल.”

हे भाषांतर करताना माझी तारांबळ झाली. परस म्हणजे विहीर मोजायचं माप. पण एक परस म्हणजे किती? गावातच दोन मतं निघाली. एक म्हणे पाच फूट, दुसरा म्हणे माणूस हात वर करून उभा राहिला की परस. सिएरा लिओनच्या अधिकाऱ्यांनी खरंच हात वर करून उभं राहून दाखवलं, आणि ते सव्वासहा फूट उंच असल्यानं परसाचा भाव एकदम वाढला. जुन्या उपग्रहचित्रांत त्या जागी पावसाळ्यानंतर पाण्याचं डबकं दिसतं, त्यावरून विस्तार कळतो, खोली कळत नाही. बांधकाम खात्याच्या जुन्या लीड चार्टमध्ये (कुठला माल किती अंतरावरून आणायचा याचा तक्ता) खाणीची नोंद असणार असं वाटलं, पण तो कागद मिळाला नाही. शेवटी जुन्या खड्ड्याचं घनफळ कमीत कमी २,००० आणि जास्तीत जास्त ४,५०० घनमीटर असं धरलं.

म्हणजे क्रशरवाल्यानं काढलेला अखंड खडक १०,८०० ते १३,३०० घनमीटर. ब्रासमध्ये ३,८१६ ते ४,७००. पास ५,२०० ब्रासचे! वर्गात एकच गलका. याचा अर्थ त्यानं काढला त्याहून जास्त दगडाचे पैसे भरले. दोघातिघांनी वहीत लिहूनही टाकलं, आदेश रद्द.

इथं मी त्यांना थोडं उन्हात उभं ठेवलं. मग एक डबराचा तुकडा उचलून विचारलं, हा जमिनीत होता तेव्हा एक ब्रास, फुटल्यावरही एकच ब्रास का?

काळ्या दगडाचा अखंड घनमीटर पावणेतीन ते पावणेतीनच्या किंचित वर टन. खड्ड्यातला एक ब्रास म्हणजे आठ टनांच्या आसपास. सुरुंगानं फुटला की मधे पोकळी येते, दगड दीडपट जागा व्यापतो. क्रशरमधून चाळून एका आकाराची खडी झाली की साधारण पावणेदोन-एक पट, कारण तिच्या फटी भरायला बारीक कच उरत नाही. डंपरमधला खडीचा ब्रास सव्वाचार-साडेचार टनांचाच असतो. नाव एकच, वस्तू तीन: खड्ड्यातला ब्रास, डबराचा ब्रास, खडीचा ब्रास. तलाठ्यांनी पहिला मोजला, पास तिसऱ्याचे होते, आणि आदेशात दोघांची वजाबाकी झाली. टनात हिशेब असता तर ही वेळच आली नसती. वजनकाटा क्रशरवर होता, गिऱ्हाइकाला बिल देण्यासाठी.

१.८ नं गुणलं. काढलेल्या खडकाची खडी ६,८६९ ते ८,४६० ब्रास. पास वजा जाता चोरी १,६६९ ते ३,२६० ब्रास. म्हणजे क्रशरवाला चोर होता, आणि आदेशही चुकीचा होता. तलाठ्यांची एक चूक शासनाच्या बाजूनं होती, दुसरी क्रशरवाल्याच्या, आणि दोन्ही एकमेकींना खात खात आकडा या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ येऊन बसला होता. अपिलात नेमका असाच आकडा टिकत नाही. वकील त्यातली आपल्या सोयीची अर्धी चूक दाखवतो आणि सगळं कोसळतं.

वही सापडली ती मलावीच्या बाईंना. आम्ही आबांच्या घरी जेवायला थांबलो होतो, पिठलं-भाकरी आणि ठेचा. बाई स्वयंपाकघरात गेल्या, तिथं आबांची सून भाकरी थापत होती. मला हाक मारली. फळीवर मसाल्याच्या डब्यामागं मुलाची चौरेघी वही. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली रेघा: चार उभ्या, पाचवी आडवी. खेपेवर पैसे मिळायचे म्हणून सून दीड वर्ष दारात बसून डंपर मोजत होती. क्रशरवाला म्हणेल तेवढ्या खेपा मानायला ती तयार नव्हती. एका जागी बारा दिवस तिच्या हातच्या रेघा नाहीत: “माहेरी लग्न होतं.” त्या दिवसांचं तिनं शेजारणीला सांगितलं होतं, शेजारणीच्या रेघा वाकड्या आहेत.

२,०४६ खेपा. डंपरचा हौदा तीन ब्रासचा. डबराचे ६,१३८ ब्रास. दीडनं भागलं तर अखंड खडक ४,०९२ ब्रास, आमच्या यंत्राच्या दोन टोकांच्या मधोमध नाही पण नक्की आत. खडीत ७,३६६. चोरी २,१६६ ब्रास. यंत्रानं आणि म्हातारीच्या परसानं जी दरी सोडली होती ती एका शाळेच्या वहीनं बुजवली. मी खात्यात असताना डंपरवर जीपीएस आले, महाखनिज प्रणालीवर ऑनलाइन पास आले, आणि ते गरजेचेच आहेत. पण ते क्रशरपासून पुढचं बघतात. खाणीच्या तोंडाशी त्या काळात एकच माणूस मोजायला बसलेला होता, आणि तिला कुणी विचारलं नाही.

वही अपिलात दाखवावी का, यावर वर्गात जो वाद झाला तो या प्रकरणाचा मला वाटतं सगळ्यात कामाचा भाग. मलावीच्या बाई म्हणाल्या, अर्थातच. आबांचा वकील म्हणाला, अजिबात नाही. वहीवरून चोरी सिद्ध होते आणि आबांना चोरी रोज डोळ्यांसमोर दिसत होती हेही सिद्ध होतं. सातबारा त्यांचा, पैसे त्यांनी घेतलेले. जो माणूस मोजतो तोच अडकतो, असा कायदा असेल तर मोजेल कोण? सिएरा लिओनच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडच्या हिरे-खाणींचं सांगितलं. तिथं २००१ पासून हिऱ्यांच्या निर्यातकरातला वाटा खाणीच्या मुलखातल्या समाजाला परत जातो, जेवढे परवाने कायदेशीर तेवढा वाटा मोठा. चोरी उघड करण्यात गावाचा फायदा, निदान तत्त्वानं.

आपल्याकडेही ती तजवीज आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं खाणीची झळ बसलेल्या भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या दहा टक्के त्यात जातात. या खाणीचे भरलेले ३१ लाख २० हजार, त्याचे दहा टक्के तीन लाख बारा हजार. चंद्रपुरात कोळसा आहे, तिथलं प्रतिष्ठान मोठं. आमच्याकडे दगड-मुरूम, निधी लहान आणि तो जिल्ह्याचा. उखडलेला रस्ता गावाचा. सरपंचांनी अर्ज केला होता, पोच त्यांच्याकडे आहे.

परतीच्या गाडीत मी त्यांना येरळेची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बळवडी आणि तांदुळवाडी ही गावं. ऐंशीच्या दशकात नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते, पाणी आटत होतं. मुक्तिसंघर्ष चळवळीतून, भारत पाटणकरांच्या पुढाकारानं गावांनी म्हटलं: वाळू आमच्या नदीतली, तिच्यातली बेतानं विकून आम्ही बंधारा बांधतो. बळीराजा धरण त्यातून उभं राहिलं, आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही ठरला. खनिजाचा पैसा त्याच जागी, त्याच लोकांच्या कामी लावण्याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. युगांडाच्या साहेबांनी विचारलं, याचं परिपत्रक आहे का? नाही म्हणालो. ते म्हणाले, “मग आमच्याकडे नेता येईल.”

प्रशिक्षणाला हे प्रकरण देताना मी शेवटी तीन प्रश्न ठेवतो. परवान्याच्या पहिल्या दिवशी जमिनीची पातळी कुणी मोजायची आणि पैसे कुणी द्यायचे? पास टनावर का नाही? आणि वही दाखवायची का? पहिल्या दोनांवर अर्ध्या तासात एकमत होतं. तिसऱ्यावर अजून एकाही वर्गात झालेलं नाही.

अपिलात प्रांतांनी आदेश रद्द करून फेरमोजणीसाठी प्रकरण परत पाठवलं. आमची ईटीएस मोजणी खाजगी म्हणून विचारात घेतली नाही, ते नियमाला धरूनच झालं. वही कुणी दाखवली नाही. फेरमोजणीची तारीख पडली ती ऑगस्टमध्ये, आणि त्या वर्षी पूर्वेकडे कधी नव्हे तो पाऊस झाला. खड्डा काठोकाठ भरला. पाणी उपसून मोजायचं तर खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, यावर पत्रव्यवहार चालू आहे.

गेल्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो. आबांनी खड्ड्यात पाच अश्वशक्तीची मोटर टाकलीय. खालच्या दीड एकरात ज्वारी पोटऱ्यात आलेली. बोजा अजून आहे. शेजारच्या गटात नव्या खाणीचा अर्ज आलाय म्हणून नवे तलाठी पाहणीला आले होते, हातात टेप. “आधी पातळी घ्या,” मी म्हणालो. ते म्हणाले, “साहेब, फॉर्ममध्ये तो रकाना नाही.”